सिगारच्या पेटीतील पडद्यांचे लाकूड व आपली तूण

सिगार ओढणारी माणसे आपल्या प्रांतात थोडी, आणि सिगारची पेटी घरी बाळगणारी त्याहून थोडी. तेव्हा अशा पेटीच्या आतील पडद्या कोणत्या लाकडाच्या कराव्यात ह्या प्रश्नाशी शेतकऱ्याचा संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनी कोणासही येईल. परंतु ज्यांच्या बांधावर अगर परड्यात तुणीची जुनी झाडे उभी आहेत, अथवा ज्यांस महोगनीची रोपे लावण्याविषयी गळ घालण्यात येत आहे, त्यांनी हा प्रश्न एकवार नीट समजून घेण्यासारखा आहे. जे लाकूड वखारीत जळणाच्या किंवा खोक्यांच्या भावाने जाते, तेच योग्य वयात तोडून, योग्य रीतीने चिरून व सुकवून दिले तर कारागिराच्या उपयोगी पडते. हा फरक झाडाच्या जातीत नसून मालकाच्या माहितीत असतो. लाकडाची पारख शिकण्यास सिगारच्या पेटीइतके कडक परीक्षास्थान दुसरे क्वचितच सापडेल; कारण येथे लाकडाचा वास, त्यातील चीक, त्याची घटवाढ व ओल शोषण्याची शक्ती ह्या साऱ्यांचा कस एकदम लागतो.

तंबाखूच्या सेवनापासून शरीरास होणारी हानी आता निर्विवाद सिद्ध झालेली आहे. ह्या लेखाचा हेतू त्या व्यसनाची तरफदारी करण्याचा नाही. येथे विचार करावयाचा आहे तो केवळ लाकडाचा.

पेटीचे व पडद्यांचे काम

तंबाखूचे पान हवेतील ओल घेते व सोडते, ही गोष्ट तंबाखू पिकविणाऱ्यास सांगावयास नको. दमट हवेत पान चामड्यासारखे मऊ होते आणि कोरड्या हवेत हात लावताच त्याचा चुरा होतो. सिगार ही गुंडाळलेल्या पानांचीच वस्तू असल्यामुळे तिलाही हाच नियम लागू आहे. फार कोरडी झाली तर वरचे पान तडकते व सुवास उडून जातो. फार ओली झाली तर ती फुगते व तिच्यावर बुरशी धरते. म्हणून सिगार ठेवण्याच्या पेटीत हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ ते ७० आणि उष्णता १८ ते २१ अंश सेंटिग्रेड असावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

ही आर्द्रता कायम राखण्याचे काम एकट्या पाण्याच्या डबीवर सोपविलेले नसते. त्यात मोठा वाटा पेटीच्या आतील लाकडाचा असतो. २१ अंश उष्णतेच्या हवेत आर्द्रता शेकडा ७० असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा सुमारे १३ इतके पाणी धरून ठेवते. आर्द्रता ५० वर आली की हेच प्रमाण सुमारे ९ वर येते, आणि ३० वर आली की ६ वर. म्हणजे पेटीचे झाकण उघडून बाहेरची कोरडी हवा आत गेली तर लाकूड आपल्या साठ्यातील ओल सोडते, आणि पाणी जास्त झाले तर ते शोषून घेते. विहिरीस जसे झरे, तसे पेटीस तिचे लाकूड. पडद्यांस दोन्ही अंगांनी हवा लागत असल्यामुळे ह्या देवघेवीत त्यांचा भाग त्यांच्या आकाराच्या मानाने मोठा असतो.

पडद्यांचे दुसरे काम कप्पे पाडण्याचे. निरनिराळ्या जातींच्या सिगारी एकमेकींस चिकटून राहिल्यास त्यांचे वास एकमेकींत मिसळतात. तिखट तंबाखूची सिगार सौम्य तंबाखूच्या सिगारीची चव बिघडविते. म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पण कप्पा अगदी बंद झाला तर त्यात ओल साठून बुरशी येण्याचे भय. यास्तव पडदी अशी हवी की ती सिगारीस अडवील पण हवेस अडविणार नाही.

परदेशातील वहिवाटीचे लाकूड

ह्या कामासाठी सर्वत्र नावाजलेले लाकूड म्हणजे ज्यास व्यापारात स्पॅनिश सीडर म्हणतात ते. नाव ऐकून हा हिमालयातील देवदाराचा भाऊबंद असावा असे वाटते. पण तसे नाही. देवदार हा सूचिपर्णी वृक्ष, तर स्पॅनिश सीडर हा कडुनिंबाच्या कुळातला, पानगळ होणारा, रुंद पानांचा वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव सिड्रेला ओडोराटा. वेस्ट इंडीज बेटे, मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिणेस अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत हे त्याचे मूळ स्थान. क्यूबातील सिगारींस ह्याच लाकडाच्या पेट्या मिळाल्या व ती वहिवाट जगभर पसरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६० नंतरच्या दशकात करवसुलीच्या सोयीसाठी सिगारी ठराविक संख्येच्या पेट्यांत भरून त्यांवर कराचे तिकीट लावण्याचा कायदा झाला. तेव्हापासून तर ह्या लाकडाची मागणी विलक्षण वाढली.

ह्या लाकडाचे गुण असे. ते हलके, म्हणजे घनफुटास सुमारे ३० पौंड वजनाचे असते. रंध्यास व करवतीस मऊ लागते, खिळा मारताना सहसा फुटत नाही. ओल सहज घेते व सहज सोडते. गाभ्याच्या लाकडास वाळवी सहसा लागत नाही, व ते सहसा कुजतही नाही. त्याचा वास मंद, गोडसर व किंचित मिऱ्यासारखा असून तो तंबाखूच्या वासाशी भांडत नाही, उलट मुरण्यास मदत करतो असा जाणत्यांचा अनुभव आहे.

परंतु ह्या गुणांमुळेच त्या झाडाची दैना झाली. रानातील मोठी झाडे शतकानुशतके तोडली गेली. मुद्दाम लागवड करावी तर शेंडा पोखरणारी एक अळी कोवळे झाड वाढू देत नाही. अखेर कोलंबिया व पेरू ह्या देशांनी २००१ साली आपापल्या प्रदेशापुरते हे झाड सायटीज नामक आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या यादीत घातले. आणि २०१९ च्या परिषदेत अमेरिका खंडातील सिड्रेलाची सारीच प्रजाती दुसऱ्या यादीत घेण्याचे ठरून तो निर्बंध २८ ऑगस्ट २०२० पासून अंमलात आला. आता त्याचे गोल, कापीव लाकूड, पातळ पापुद्रा व प्लायवूड देशाबाहेर पाठवावयाचे तर परवाना लागतो. नवल असे की, हेच झाड पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर नेऊन लावल्यावर तेथे ते रान माजवून बसले आहे. जन्मभूमीत दुर्मीळ आणि परक्या भूमीत उपद्रवी, असा हा प्रकार आहे.

चांगल्या पडदीच्या कसोट्या

लाकूड कोणतेही असो, पडदीसाठी ते निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली कसोटी वासाची. लाकडाची ताजी कापलेली चीप बरणीत घालून झाकण लावावे व दुसऱ्या दिवशी उघडून हुंगावे. वास उग्र, टर्पेंटाइनसारखा अगर कडवट आल्यास ते लाकूड सोडून द्यावे. वास अजिबात नसला तरी चालेल. वाईट असता कामा नये.

दुसरी चिकाची. काही लाकडांतून उष्णतेने तेलकट, चिकट थेंब बाहेर येतात. ते सिगारीस लागले की वरचे पान त्यास चिकटते व डाग पडतो. चीप टीपकागदात गुंडाळून दोनतीन दिवस उन्हात ठेवली असता कागदावर तेलकट डाग उमटतो किंवा काय हे पाहावे.

तिसरी घटवाढीची. लाकूड लांबीत जवळ जवळ मुळीच वाढत नाही. जे काही फुगणे व आकसणे होते ते रुंदीत व जाडीत. ज्याची घटवाढ थोडी व सारखी, ते चांगले.

चौथी ओल घेण्याची. तेलकट व फार घट्ट लाकूड ओल सावकाश घेते; त्याची पडदी दिसण्यास सुंदर, पण पेटीच्या कामात लाकडाऐवजी लोखंडासारखी.

पाचवी टिकाऊपणाची. ज्या हवेत सिगार राहते तीच हवा बुरशीसही मानवते. म्हणून पिठूळ, पांढरे, किडीस आवडणारे लाकूड येथे नको.

निरनिराळ्या लाकडांची तुलना

ह्या कसोट्यांवर आपल्या परिचयाची लाकडे घासून पाहिली असता असे दिसते.

सागवान हे टिकण्यात राजा खरे. परंतु त्यात स्वतःचे तेल व स्वतःचा वास आहे आणि ओल घेण्यात ते मंद आहे. बाहेरील पेटीस ते शोभते, आतील पडदीस नव्हे. शिसव व शिसू ही जड व घट्ट लाकडे. त्यांसही हाच न्याय. देवदाराच्या तेलाचा वास इतका प्रखर असतो की सिगारीची चव बुडून जाते. पेन्सिलीसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकेतील तांबडे सीडर ह्याच दोषामुळे बाद ठरते. नाव सीडर आहे म्हणून भुलून ते घेणारे पुढे पस्तावतात. चीड व पाइन ह्यांत राळ फार. कडुनिंबास वास व कडवटपणा दोन्ही. आंब्याचे लाकूड स्वस्त व सर्वत्र मिळणारे, पण त्यास कीड लवकर लागते व दमट जागी डाग पडतात.

महोगनीची गोष्ट निराळी. तीही कडुनिंबाच्याच कुळातली. तिची घटवाढ फारच थोडी आहे: ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्यापर्यंत, वलयांच्या दिशेने मोठ्या पानाची महोगनी शेकडा सुमारे ४ आकसते, तर स्पॅनिश सीडर शेकडा ६ हून थोडे अधिक. महोगनीस वास जवळ जवळ नाही व चीकही नाही. म्हणून ज्यांस सीडरचा वास नको असतो ते पेटीच्या आत महोगनी पसंत करतात. दोष एवढाच की ती ओल थोडी सावकाश घेते व सिगारीस सुवासाची जोड देत नाही.

प्लायवूड अगर लाकडाच्या भुशाचे दाबीव तक्ते ह्यांविषयी दोन शब्द. बाजारात आजकाल पुष्कळशा सिगारपेट्या प्लायवुडावर सीडरचा पातळ पापुद्रा चिकटवून करतात. विक्रीच्या पेटीपुरते ते ठीक. माल त्यात फार दिवस राहावयाचा नसतो. परंतु वर्षानुवर्षे दमट हवेत राहणाऱ्या पडदीस ते योग्य नव्हे. त्यांतील डिंकाचा वास बंद पेटीत कोंडतो, आणि दाबीव तक्ता ओलीने फुगला म्हणजे पुन्हा पूर्ववत होत नाही.

राहिली ती आपली तूण. संस्कृतात तिला तुन्न म्हणतात. शास्त्रीय नाव टूना सिलियाटा. पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सिड्रेलाच्याच प्रजातीत गणीत असत, ह्यावरूनच दोघींचे नाते किती जवळचे हे कळते. गाभ्याचे लाकूड विटकरी तांबूस, हलके, सुवासिक, वार्षिक वलये स्पष्ट दिसणारे व वाळवीस बऱ्यापैकी टक्कर देणारे असते. हिंदुस्थानात चहाची खोकी व सिगारच्या पेट्या ह्यांसाठी हे लाकूड पूर्वापार वापरीत आले आहेत. मद्रास इलाख्यात त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट एकोणिसाव्या शतकात इतके प्रसिद्ध होते की १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत त्रिचनापल्लीच्या चिरुटाच्या राखेवरून गुन्हेगाराचा माग काढलेला आहे. सतार करणाऱ्या कारागिरांसही तूण प्रिय आहे. ऑस्ट्रेलियात ह्याच झाडास तांबडे सीडर म्हणतात. तेथेही एकोणिसाव्या शतकात त्याची बेसुमार तोड झाली.

तात्पर्य, पडदीसाठी पहिला मान स्पॅनिश सीडरचा, आणि ते न मिळाल्यास चांगल्या सुकविलेल्या तुणीचा. ज्यांस वास नको त्यांस महोगनी. ह्या तीन लाकडांपलीकडे जाण्याचे सहसा कारण पडू नये.

चिराई, सुकवणी व बसवणी

लाकडाची जात चांगली असूनही पडद्या वाकतात व अडकून बसतात, ह्याचे कारण बहुधा चिराईत असते. फळीचे टोक पाहावे. वलयांच्या रेषा फळीच्या रुंदीशी काटकोनात उभ्या असल्या तर ती फळी कमी फुगते व सरळ राहते. रेषा रुंदीस समांतर आडव्या असल्या तर ती अधिक फुगते व द्रोणासारखी वाकते. स्पॅनिश सीडरचे आकसणे पहिल्या प्रकारात शेकडा ४.२ आणि दुसऱ्यात ६.३ असे मोजलेले आहे.

उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. वैशाखाच्या कोरड्या हवेत फळीत शेकडा ७ पाणी आहे असे समजा. तीच पेटीत गेल्यावर १३ वर येईल, म्हणजे सहा अंशांची वाढ. आडव्या रेषांची फळी दर अंशास शेकडा सुमारे ०.२२ फुगते, सहा अंशांस सव्वा टक्क्याहून थोडी अधिक. चार इंच रुंदीच्या पडदीत ही वाढ जवळ जवळ अर्धा सूत होते. उभ्या रेषांच्या फळीत ती पाव सुताहून थोडीच अधिक भरते. ज्या सुताराने उन्हाळ्यात पडदी खाचेत घट्ट बसवून दिली, त्याची पडदी पंधरा दिवसांत अडकली म्हणून त्यास बोल लागतो. पण दोष हिशेब न करण्याचा असतो. म्हणून पडदी उंचीला अर्धा सूत कमी ठेवावी. लाकडाचा धागा पडदीच्या लांबीत, म्हणजे एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत, धरावा. त्या दिशेने वाढ होत नसल्याने पेटीच्या भिंतीवर दाब येत नाही.

जाडी दोन सूत पुरे. त्याहून पातळ केल्यास वाकण्याचे भय. जाड केल्यास जागा उगाच जाते. पडदीस खाली थोडी फट ठेवावी अथवा भोके पाडावीत, म्हणजे कप्प्याकप्प्यांतून हवा खेळेल. पडदी खाचेत नुसती सरकती ठेवावी. सरस अगर खिळा लावू नये. पुढे कप्पे लहानमोठे करावयाचे झाल्यास सोयीचे पडते, आणि डिंकाचा वासही टळतो. आतील लाकडास पॉलिश, रोगण, रंग किंवा तेल काहीही लावू नये. रोगणाने लाकडाचे तोंडच बंद होते. मग लाकूड वापरून काय साधले? बारीक कागदाने घासावे, भुस्सा कोरड्या फडक्याने व फुंकून काढावा. सीडर व तूण घासताना नाकातोंडास फडके बांधावे. ह्या कुळातील लाकडांच्या भुशाने काहींना शिंका व त्वचेस खाज येते.

लाकूड पुरते सुकले नसेल तर चीक बाहेर येतो. भट्टीत भरपूर उष्णतेने सुकविलेल्या सीडरात हा दोष थोडा असतो. तरीही थेंब दिसल्यास सिगारी बाहेर काढाव्यात, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलाने फडके भिजवून डाग पुसावा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी कित्येक दिवस उघडी ठेवावी. हे काम दिव्याजवळ अगर चुलीजवळ करू नये.

नव्या पडद्या बसविल्याबरोबर सिगारी ठेवल्यास कोरडे लाकूड सिगारीतलीच ओल ओढून घेते. म्हणून प्रथम पेटीत ऊर्ध्वपातित पाण्याची उघडी वाटी ठेवून झाकण लावावे व आठपंधरा दिवस लाकडास सावकाश ओल घेऊ द्यावी. ओल्या फडक्याने पडद्या पुसण्याची घाई काहीजण करतात. त्यामुळे एक बाजू आधी फुगून पडदी वाकते व धागा उभा राहतो. आर्द्रता दाखविणारे यंत्र खरे दाखविते की नाही हे पाहण्यास घरचे मीठ पुरे. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकेच पाणी घालावे. विरघळू देऊ नये. हे बूच व यंत्र घट्ट झाकणाच्या बरणीत दहाबारा तास ठेवले की आतील आर्द्रता शेकडा ७५ होते. यंत्र जितके कमीजास्त दाखवील तितकी त्याची चूक. बियाणे व कडधान्ये साठविण्याच्या खोलीत असे यंत्र ठेवणाऱ्या शेतकऱ्यासही ही युक्ती उपयोगी पडेल.

सीडरच्या वासाने कीड लागत नाही असा समज आहे. त्यावर विसंबू नये. तंबाखूत पडणारा लहान तांबूस भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, उष्णता २२–२४ अंशांच्या वर गेली की झपाट्याने वाढतो व सीडरच्या पेटीतही सिगारीस भोके पाडतो. हळद व सुंठ साठविणाऱ्यांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. कारण साठवणीतील हळकुंडे पोखरणारा हाच. तेव्हा खरा उपाय थंडावा, स्वच्छता व वरचेवर तपासणी. लाकूड हे त्यास साहाय्यक मात्र.

तुणीची लागवड

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. तूण ओलसर पण पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत, ओढ्याच्या काठी व डोंगरउतारावर चांगली वाढते. पाणथळ जमीन तिला मानवत नाही, आणि उथळ मुरमाड माळावर ती खुरटते. वसंतात तिला मधाच्या वासाचे पांढुरके फुलोरे येतात. त्यांवर मधमाश्या जमतात. ह्या फुलांपासून पूर्वी वस्त्रांसाठी पिवळा रंग काढीत. फळे पावसाळ्याच्या तोंडी पिकून पाच पाकळ्यांनी उकलतात व पंख असलेले हलके बी वाऱ्याने उडून जाते. म्हणून फळ उकलण्यापूर्वीच उतरवून सावलीत सुकवावे. बी फार दिवस टिकत नाही. त्याच हंगामात वाफ्यात पेरावे, वर अगदी पातळ माती द्यावी, आणि रोपे पुढील पावसाळ्यात बांधावर लावावीत.

तुणीचा मुख्य शत्रू शेंडा पोखरणारी अळी, हिप्सिपिला रोबस्टा. ती कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा मरतो, खालून चारदोन फांद्या फुटतात आणि सोट वाढावयाचे झाड झुडूप होऊन बसते. सरळ, बिनगाठीचा बुंधा नसेल तर फळ्या कोठून निघणार? सबंध शेतात तूणच तूण लावली तर ह्या अळीस मेजवानीच होते. म्हणून ती बांधावर, इतर झाडांत मिसळून, बाजूने थोडी सावली मिळेल अशा बेताने लावावी. शेंडा मेलेला दिसताच जिवंत भागापर्यंत छाटावा, अळी असलेला तुकडा जाळावा, आणि नव्या फुटींपैकी सर्वांत सरळ एक ठेवून बाकीच्या काढाव्यात. पहिली पाचसहा वर्षे ही निगा ठेवली तर पुढे झाड स्वतःची काळजी घेते.

कोवळ्या झाडात बाहेरचे पांढरे लाकूड फार व तांबूस गाभा थोडा असतो. पांढऱ्या लाकडास कीड लागते व वासही बेताचाच. पेटीवाला कारागीर ते काढून टाकतो. त्यामुळे आठदहा वर्षांचे झाड घाईने तोडण्यात अर्थ नाही. हे आजाने लावावे व नातवाने तोडावे अशा जातीचे झाड आहे. तोडावयाचे ते पाने गळाल्यावर, थंडीत. ओंडका उन्हात पडू न देता लवकर चिरावा. फळ्यांच्या टोकांस मेण अगर जाड रंग लावावा, म्हणजे टोके तडकत नाहीत. आणि छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच, दर दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थर रचावा व वर वजन ठेवावे. इंचभर जाडीस एक वर्ष, हा सुकवणीचा जुना अंदाज ध्यानात ठेवावा. तोडण्यापूर्वी झाडाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर आहे की नाही हे पाहावे व १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्याखाली परवानगीची जरूर आहे काय ह्याची चौकशी वनखात्याच्या कचेरीत करावी.

सावधगिरीचे दोन शब्द

महोगनी आपल्या देशात नवीन नव्हे. जमेकाहून तिची रोपे १७९५ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पण अलीकडे तिची रोपे विकणारे दलाल गावोगाव हिंडून थोड्या वर्षांत प्रत्येक झाडाचे हजारो रुपये होतील असे हिशेब कागदावर मांडून दाखवितात. अशा हिशेबात तीन गोष्टी तपासाव्यात. दलाल सांगतो त्या वयात झाडात गाभ्याचे लाकूड किती भरते? त्या वयाचे लाकूड आज जवळच्या वखारीत कोणत्या भावाने प्रत्यक्ष विकले जाते? आणि खरेदीची हमी देणारा वीस वर्षांनी कोठे सापडणार? ह्या तिहींची उत्तरे लेखी व स्वतः पडताळून मिळाल्यावाचून धान्याची अगर उसाची जमीन ह्या कामी अडकवू नये. महोगनी वाईट नाही; तिच्या नावाने होणारी घाई वाईट. हीच गोष्ट तुणीसही लागू आहे. सिगारच्या पेट्यांची मागणी मुळात लहान. तेवढ्यावर भिस्त ठेवून कोणी पाचपन्नास एकर तूण लावील तर तो फसेल.

परंतु बांधावर दहापाच तुणी असणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या पिकाची जमीन अडवीत नाहीत, मधमाश्यांस फुले देतात, आणि एका पिढीने थोडी निगा ठेवली तर दुसऱ्या पिढीस सतारवाल्याच्या, पेटीवाल्याच्या व घरच्या पेटाऱ्याच्याही उपयोगी पडणारे लाकूड हाती येते. ज्यांच्याकडे अशी जुनी झाडे आहेत त्यांनी ती जळणाच्या भावाने देण्यापूर्वी जाणत्या सुतारास दाखवावीत, गाभा किती आहे हे पाहून घ्यावे, आणि शक्य असल्यास फळ्या करून, सुकवूनच विकावीत. सीडरचा परदेशी माल परवान्यात अडकलेला असताना सुकी, उभ्या रेषांची, बिनगाठीची तूण घेणारा कारागीर भेटेलच. मात्र त्यास ओला ओंडका नव्हे, तयार फळी दाखविता आली पाहिजे.